संस्थेसाठी मदत मागताय? आधी गोष्ट नीट सांगा (आणि मी केलेली चूक टाळा)



गावात दुकान चालवणाऱ्या कुणालाही विचारा, पावतीपुस्तकवाली माणसं लांबूनच ओळखू येतात. तिघं-चौघं एकत्र येतात, एकाच्या हातात पुस्तक असतं, दुसऱ्याच्या कानावर पेन. आपण गल्ल्यातून ठरलेली नोट काढतो, पावती घेतो किंवा घेतही नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. संध्याकाळी कुणी विचारलं, "सकाळी कशासाठी दिले रे पैसे?" तर धड सांगता येत नाही.

आता हेच उलट बाजूने बघा. आपल्यातले कितीतरी जण स्वतःच कुठल्या ना कुठल्या संस्थेत आहेत. कुणी वाचनालयाच्या कमिटीत, कुणी गोरक्षणात, कुणी रक्तदान ग्रुपमध्ये, कुणी शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळात. तिथे पावतीपुस्तक आपल्याच हातात असतं. आणि समोरचा माणूस आपल्याशी तेच करतो, जे आपण सकाळी केलं. नोट देतो, विसरतो.

चॅनलवर मी नेहमी दुकान, गिऱ्हाईक, उधारी यांवर बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतोय, कारण गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं की आमची छोटी संस्था आहे, लोक एकदा देतात, पुन्हा येत नाहीत, काय करावं? यात मेंदूचं शास्त्र कामाला येतं, गोष्ट सांगण्याची कला कामाला येते. पण याच दोन गोष्टी वापरून मी एकदा एका घराला दुखावलं आहे. तेही आज सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

५०० पत्रकं आणि एक बॅनर

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेची माणसं माझ्या दुकानात आली. माझं स्टेशनरी, झेरॉक्स आणि छपाईचं दुकान. एक निवृत्त गुरुजी आणि चार पोरं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी एका जुन्या खोलीत त्यांनी बसायची सोय केली होती. त्यांना हव्या होत्या २० खुर्च्या, टेबलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी.

त्यांनी मजकूर आणला होता. तुम्ही असे शेकडो वाचले असतील. "सदर अभ्यासिकेचा मूळ उद्देश ग्रामीण भागातील होतकरू विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे हा असून..." खाली उद्दिष्टं एक ते नऊ, त्याखाली कार्यकारिणीची नावं, मग "सढळ हाताने मदत करावी ही नम्र विनंती". मी जसंच्या तसं टाईप केलं, ५०० प्रती काढल्या, बिल लावलं. आलेल्या मदतीत छपाईचा खर्चसुद्धा निघाला नाही.

मला वाईट वाटलं. शिवाय तेव्हा मी गोष्ट आणि मेंदू या विषयावर नवीन नवीन वाचत होतो, डोक्यात तेच भरलेलं होतं. मी गुरुजींना म्हटलं, "आता मी करून देतो, फुकटात."

अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीचा मोबाईलवर फोटो काढला. आई मजुरीला जाते, वडील आजारी, मुलगी हुशार. मोठा फ्लेक्स केला. मुलीचा चेहरा, उतरलेला, खाली लाल अक्षरात एक ओळ: "हिच्या डोळ्यांतले अश्रू पुसणार ना?" चौकात लावला, व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. मुलीला विचारलं होतं का? विचारलं होतं. "फोटो काढू ना?" एवढंच. ती लाजून "हो" म्हणाली होती.

आठ दिवसांत खुर्च्यांचे पैसे जमले. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या पोरांनी फोन-पे केलं. गुरुजी खूश, मी तर हवेत. मी त्यावर एक व्हिडिओसुद्धा बनवला होता. आता तो चॅनलवर नाही, आणि का नाही ते पुढे कळेल.

असं का होतं? मेंदूत काय चालतं?

५०० पत्रकांनी जे झालं नाही ते एका चेहऱ्याने का झालं, हे आधी समजून घेऊ.

२००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या अमेरिकेतल्या अभ्यासकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि त्याचे ५ डॉलर दिले. मग विचारलं, यातले काही आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी द्याल का? काहींना फक्त आकडे दाखवले, इतके लाख लोक उपाशी वगैरे. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी २.३८ डॉलर दिले, म्हणजे दुप्पट. आणि ज्यांना रोकियाही सांगितली आणि सोबत आकडेही दिले, त्यांनी किती दिले असतील? आपल्याला वाटतं, सगळ्यात जास्त. त्यांनी दिले १.४३ डॉलर.

म्हणजे आकड्यांनी गोष्टीला बळ आलं नाही, उलट ती पातळ झाली. एक माणूस दिसला की आपण त्याच्याकडे माणूस म्हणून बघतो. "लाखो" म्हटलं की डोकं हिशेबाला बसतं आणि मन म्हणतं, माझ्या १०० रुपयांनी काय होणार? लक्षात घ्या, आकडे खोटे नाहीत आणि निरुपयोगीही नाहीत. त्यांची जागा हिशेबाच्या पानावर आहे, पहिल्या ओळीत नाही.

दुसरा प्रयोग २०१० चा, प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उरी हॅसन आणि सहकाऱ्यांचा. एका मुलीने स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगितला आणि तेव्हा तिच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. मग तोच प्रसंग ऐकणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. सांगणारीच्या मेंदूत जी हालचाल झाली, तशीच हालचाल ऐकणाऱ्यांच्या मेंदूत थोड्या वेळाने उमटत होती. ज्यांच्यात हे जास्त जुळलं, त्यांना गोष्ट जास्त नीट समजली होती. पण ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या रशियन भाषेत गोष्ट ऐकवली, तेव्हा हे जुळणं नाहीसं झालं.

मला विचाराल तर आपल्या संस्थांसाठी यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची. "सदर संस्थेमार्फत", "तळागाळातील घटकांच्या उत्थानासाठी" ही भाषा आपल्या आत्याला, मामाला, पानटपरीवाल्याला जवळजवळ रशियनच आहे. अक्षरं कळतात, आत काही हलत नाही.

तिसरी गोष्ट देण्याच्या आनंदाची. २००७ मध्येच ओरेगॉन विद्यापीठात १९ विद्यार्थिनींना १०० डॉलर दिले आणि स्कॅनरमध्ये असताना त्यातले काही एका अन्नछत्रासारख्या संस्थेला जाताना दाखवले. कधी ते कर कापल्यासारखे सक्तीने जात, कधी त्यांनी स्वतः ठरवून द्यायचे. पैसे चांगल्या कामाला जाताना मेंदूतले जे भाग स्वतःला बक्षीस मिळाल्यावर जागे होतात, तेच जागे झाले. आणि सक्तीपेक्षा स्वतःहून दिल्यावर जास्त. वर्गणी आणि दान यांतला फरक आपल्या आजीला स्कॅनरशिवाय माहीत होता. चार जण दुकानात उभे राहून "मागच्या वर्षी ५०१ दिले होते, औंदा ११०० लिहितो" म्हणतात, तेव्हा पैसे मिळतात, पण देण्याचा आनंद आपण त्या माणसाकडून काढून घेतो. मग पुढच्या वर्षी तो आपल्याला बघून शटर अर्धं ओढतो.

एक सावधगिरी. यूट्यूबवर तुम्हाला "ऑक्सिटोसिन वाढवा, देणगी वाढवा" असले व्हिडिओ दिसतील. पॉल झॅक नावाच्या अभ्यासकाने आजारी मुलाची आणि वडिलांची गोष्ट दाखवून ऑक्सिटोसिन आणि देण्याची इच्छा यांचा संबंध मांडला आहे. पण ऑक्सिटोसिनबद्दलच्या अशा दाव्यांवर इतर शास्त्रज्ञांनी बऱ्याच शंकाही घेतल्या आहेत. मेंदू म्हणजे बटण दाबलं की चालणारी झेरॉक्स मशीन नाही. एवढं पक्कं धरा: माणसाला माणूस दिसला पाहिजे, भाषा आपली वाटली पाहिजे आणि द्यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे.

आणि मग तिचे वडील दुकानात आले

बॅनर लावून दहा-बारा दिवस झाले असतील. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. त्या मुलीचे वडील काउंटरसमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"भाऊ, पोरगी दोन दिस झाले धड जेवली नाई. वर्गातल्या पोरी तिले चिडवते. आमी गरीब हाओ हे गावाले मालूम हाय, पन ते चौकात टांगाची काय गरज होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." त्याच संध्याकाळी शिडी लावून मी स्वतः बॅनर उतरवला. ग्रुपवरून मेसेज काढला, पण पुढे गेलेला मेसेज कुठे परत येतो? घरी जाऊन मुलीची माफी मागितली. ती मान खाली घालून बसली होती. ती पुन्हा त्या अभ्यासिकेत आली नाही. तिच्यामुळे जमलेल्या पैशांच्या २० खुर्च्या आल्या, पण त्यातल्या एकीवरही ती बसली नाही.

प्रयोग खरा होता, परिणाम खरा होता. माझी चूक ही की मी फक्त देणाऱ्याच्या मेंदूचा विचार केला. जिची गोष्ट होती तिच्या मेंदूत काय चालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "फोटो काढू ना?" ही परवानगी नव्हती. हा फोटो चौकात लागेल, तुझ्या मैत्रिणी बघतील, खाली अश्रूंबद्दल लिहिलेलं असेल, चालेल का? हे विचारलं असतं, तर ती "नाही" म्हणाली असती. मला ते आतून माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही.

शिकायला लांब जायची गरज नव्हती

त्यानंतर मी बरेच दिवस या विषयावर बोललोच नाही. मग हळूहळू लक्षात आलं की मी अमेरिकेतले प्रयोग वाचत बसलो होतो, आणि गोष्ट सांगून लोकांना जोडणारा सगळ्यात मोठा माणूस आपल्या शेजारच्या तालुक्यात वाढलेला आहे.

गाडगेबाबा. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण गेलं मामाच्या घरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. आपल्या कारंजा तालुक्याला लागूनच. शाळा शिकले नाहीत. १९०५ मध्ये घर सोडलं आणि १९५६ मध्ये जाईपर्यंत माणसं जोडत राहिले. पूर्णेवरचा ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा हे सगळं लोकांच्या पैशातून उभं राहिलं.

त्यांची पद्धत धंदेवाल्याच्या नजरेने बघा.

एक, गावात आल्यावर आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं, आणि रात्री कीर्तन. म्हणजे मागण्याच्या आधी देणं. आपण उलट करतो, ओळख व्हायच्या आधी पावती फाडतो.

दोन, कीर्तनात ते प्रश्न विचारायचे. लोकांनी उत्तर द्यायचं, मग पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, पोरांना शाळेत का घालत नाही, हे सगळं लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. प्रश्न आला की ऐकणाऱ्याचं डोकं आपोआप कामाला लागतं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा विसरत नाही.

तीन, भाषा वऱ्हाडी. शेतात, ओट्यावर बोलतात ती.

चार, पैसा स्वतःजवळ ठेवला नाही. तो दगड-विटांत लोकांच्या डोळ्यांसमोर दिसला. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, आणि मागे उभी धर्मशाळा. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते विचारावंच लागलं नाही.

आणि ज्याच्यामुळे मी थांबलो तो मुद्दा असा. बाबा श्रोत्यांच्या चुकांवर कडक बोलायचे, पण गरिबाला दया दाखवायची वस्तू करत नव्हते. त्यांच्या कीर्तनातला गरीब माणूस स्वतःचं आयुष्य बदलू शकणारा माणूस होता.

दुसरं उदाहरण सिंधुताई सपकाळ यांचं. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताईंनी गावोगाव, कॉलेजात, सभांमध्ये भाषणं करून अनाथ मुलांना वाढवलं. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या. त्यांची सगळी ताकद त्यांच्या गोष्टीत होती. घरातून बाहेर काढलेली बाई, स्मशानातली रात्र, हे ऐकून सभागृह रडायचं. पण ती गोष्ट त्यांची होती आणि तोंडही त्यांचंच होतं. काय सांगायचं, कुठे थांबायचं, कुठे लोकांना हसवायचं, हे त्याच ठरवत होत्या. माझ्या बॅनरवरच्या मुलीला यातलं काहीच ठरवता आलं नव्हतं.

तिसरं आनंदवन, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ. तिथली सुरुवात सांगताना आजही लोक एकच चित्र सांगतात: सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. या ओळीत "कुष्ठरोग निर्मूलन" हा शब्दसुद्धा नाही, तरी ऐकल्यावर विसरता येत नाही, कारण सगळं डोळ्यांना दिसतं. आणि बाबा आमट्यांचा आग्रह काय होता? भीक नको, काम द्या. म्हणून आनंदवनाची ओळख तिथे पिकणाऱ्या, विणल्या जाणाऱ्या, बनणाऱ्या वस्तूंनी झाली. पु. ल. देशपांडे तिथे जात राहिले, तिथे मित्रमेळावे भरले. शब्द बघा, मित्रमेळावा. देणगीदारांची सभा नाही. मित्र पैसेही देतो, पण तो भेटायला येतो, चुकलं तर बोलतो आणि पुढच्या वर्षी चार जणांना घेऊन येतो.

तिसऱ्यांदा आम्ही काय केलं

अभ्यासिकेची बॅटरी अजून बाकी होती. गुरुजी पुन्हा आले. मी म्हटलं, "गुरुजी, यावेळी घाई नको."

अभ्यासिकेत एक मुलगा यायचा. दिवसा किराणा दुकानात कामाला, रात्री नऊनंतर अभ्यासाला. वय २२, म्हणजे स्वतःचा निर्णय घेणारा. त्याला सगळं समजावून सांगितलं: हे कुठे छापणार, कोण वाचणार. तो विचार करून दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "सर, लिहा. पन मले बिचारा नका लिहू. आन फोटो नको." मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं. लिहून झाल्यावर मी त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं. दोन ओळी त्याने काढायला लावल्या, काढल्या. उरलं ते असं:

"रात्री नऊ वाजता दुकानाचं शटर ओढून मी अभ्यासिकेत येतो. माझी खुर्ची खिडकीजवळची. साडेनऊला लाईट गेली की आम्ही सगळे मोबाईलच्या टॉर्चवर वाचतो, पण दिवसभर वापरलेला मोबाईल किती टिकणार? मागच्या महिन्यात असे किती तास गेले ते मी वहीत लिहून ठेवलंय, या आणि बघा. एक बॅटरी आली तर ही खोली रात्री बारापर्यंत उजेडात राहील. तुमचं घर रस्त्यावर असेल तर तुम्हाला खिडकीतून दिसेलच."

एवढंच. नाव नाही, चेहरा नाही, अश्रू नाहीत. खाली बॅटरीची किंमत, आतापर्यंत जमलेले पैसे आणि किती बाकी.

बॅनरपेक्षा पैसे हळू आले, खरं सांगतो. आठ दिवसांऐवजी दीड महिना लागला. पण यावेळी लोक खोली बघायला आले. एक वायरमन म्हणाला, पैसे नाहीत, पण फिटिंग मी करून देतो. एका मावशींनी विचारलं, "पोरी रात्री घरी कशा जातात?" तोपर्यंत कुणाच्याच डोक्यात तो प्रश्न आला नव्हता. बॅनरच्या वेळी लोकांनी पैसे दिले आणि विषय संपला. या वेळी काम लोकांचं झालं.

तुमच्या संस्थेसाठी पाच वाक्यांची गोष्ट

वहीत लिहून घ्या.

पहिलं वाक्य: एक माणूस, एक वेळ, एक जागा. "रात्री नऊ वाजता दुकानाचं शटर ओढून..." संस्थेच्या स्थापनेचं साल इथे नको.

दुसरं: त्याला काय करायचंय. तो काय करतोय ते आधी, अडचण नंतर. धडपडणारा माणूस दिसला की आपण त्याच्या बाजूने उभे राहतो. नुसता रडणारा दिसला की कीव येते, आणि कीव लवकर विटते.

तिसरं: नेमकी अडचण, डोळ्यांना दिसेल अशी. "सुविधांचा अभाव" नाही. "साडेनऊला लाईट जाते."

चौथं: काय केलं की काय बदलेल. एक वस्तू, एक रक्कम. "सढळ हाताने" म्हणजे किती, हे कुणालाच कळत नाही.

पाचवं: वाचणाऱ्याने आत्ता काय करायचं. पैसे, वेळ, वस्तू, किंवा नुसतं येऊन बघणं. आणि "नाही" म्हणायची मोकळीक.

मग परीक्षा. ज्याची गोष्ट आहे त्याला समोर बसवा आणि मोठ्याने वाचा. त्याची मान खाली गेली तर ते पान फाडा. मान वर राहिली तर छापायला द्या. आज माझ्या दुकानात कुठलीही संस्था असा मजकूर घेऊन आली की मी हा एकच प्रश्न विचारतो. एक-दोन गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली, जाऊ द्या.

कधी मागायचं?

ही गोष्ट आपल्याकडे फार कुणी बघत नाही. २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर. त्याच शेतकऱ्यांची डोकं चालवण्याची छोटी परीक्षा पीक निघण्याआधी घेतली आणि पीक निघाल्यावरही. आधी, म्हणजे हात तंग असताना, तेच लोक कमी पडले. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते.

आपल्या भागात जूनमध्ये बियाणं, खत, शाळेच्या वह्या सगळं एकदम येतं. त्या महिन्यात कितीही चांगली गोष्ट सांगा, समोरच्याच्या डोक्यात ती शिरायला जागाच नसते. सोयाबीन निघाल्यावर, तूर-कापूस विकल्यावर जा. जूनमध्ये पैसे मागू नका, काम दाखवा.

आणि टप्पे करा. मदतीवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की उद्दिष्ट जवळ आलेलं असलं की लोक जास्त देतात. आपल्या १०० रुपयांनी काम पूर्ण होताना दिसतं. म्हणून "१ लाख हवेत" यापेक्षा "२० पैकी १६ खुर्च्या झाल्या, ४ बाकी" हे जास्त चालतं. अर्थात १६ खरोखर झालेल्या असतील तरच.

गोष्टीचा शेवट परत द्या

दुकानात आपण काय करतो? माल दिल्यावर आठ दिवसांनी विचारतो, "काकू, मिक्सर बरा चालतो ना?" संस्था हे करत नाही. पैसे मिळाले की पुढची हाक थेट पुढच्या वर्षी.

बॅटरी बसली त्या रात्री आम्ही लांबून एक फोटो काढला. आजूबाजूला अंधार आणि एक खिडकी उजेडात. कुणाचा चेहरा नाही. सोबत बॅटरीच्या बिलाचा फोटो. हे ज्यांनी दिलं त्या प्रत्येकाला वेगळं पाठवलं, ग्रुपवर नाही. २१ रुपये देणाऱ्या शाळकरी पोरालासुद्धा. पुढे टेबलांसाठी बोललो तेव्हा आधी याच लोकांचे फोन आले.

देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं तुम्ही पाहिलं असेल. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, पण देणाऱ्याला हवा लागते आणि आपला पंखा चालू आहे हे कळतं. त्याला ते पुरतं.

दोन कायदे, विसरू नका

पहिला मुलांबद्दल. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनाथाश्रमात वाढदिवस साजरा करून मुलांचे फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. मुलांची गोष्ट सांगायचीच असेल तर वस्तूतून सांगा: एक दप्तर, एक सायकल, एक रिकामा डबा.

दुसरा पैशाबद्दल. तुमचं मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तशीच. गोष्ट कितीही चांगली असो, हिशेब विचारल्यावर वही काढता आली नाही तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही.

आजचं काम

आज रात्री तुमच्या संस्थेचं जुनं पत्रक काढा. "सदर", "सर्वांगीण", "तळागाळातील" या शब्दांवर काट मारा. उरलेल्यात एक तरी जिवंत माणूस दिसतोय का, ते बघा. नसेल तर उद्या जाऊन एका माणसाशी अर्धा तास बोला. लिहू नका, ऐका. पाच वाक्यं परवा लिहा. आणि छापायच्या आधी त्याच्यासमोर वाचा.

मी हे वाचायला विसरलो होतो. तो फ्लेक्स अजून माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलाय. पावसाळ्यात मागचं छत गळतं तेव्हा त्या जागेवर टाकायला एखादा फ्लेक्स लागतोच, पण तो मी कधी वापरला नाही. नवीन छपाईचं काम घ्यायच्या आधी कधी कधी त्याच्याकडे बघतो.

भेटू पुढच्या वेळी. गावातल्या त्या पावतीपुस्तकवाल्यांना हा लेख जरूर दाखवा. आणि उद्या ते तुमच्या दुकानात आले, तर नोट काढायच्या आधी एकदा विचारा, "बसा, आधी सांगा, कुणासाठी आहे हे?"